साखर जागा घेते

बडोद्यातल्या मराठी मंडळींच्या कुठल्याही कार्यक्रमाला जा, म्हणजे गणेशोत्सवातलं व्याख्यान असो, कोजागरी असो की कुणाच्या पंचाहत्तरीचा सत्कार, शेवटच्या भाषणात दूध आणि साखर येणारच. "आपण इथे दुधात साखरेसारखे विरघळून गेलो!" टाळ्या पडतात, आभारप्रदर्शन होतं, मंडळी बटाटेवड्याकडे वळतात. २०१८ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्या गावात भरलं, त्या दिवसांत तर या उपमेला उसंत नव्हती.

उपमा मुळात पारशांची. संजाणच्या किनाऱ्यावर उतरलेल्या पारशांना तिथल्या जादी राण्याने काठोकाठ भरलेला दुधाचा पेला पाठवला, म्हणजे आमच्याकडे जागा नाही. पारशांच्या दस्तुराने, म्हणजे धर्मगुरूने, त्यात साखर घालून पेला परत केला. दूध सांडलं नाही, गोड मात्र झालं. गुजरातेत ही गोष्ट शेंबड्या पोरालाही पाठ असते. माझं काय आहे, की मी उभा जन्म शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. त्यामुळे टाळ्या पडत असताना माझ्या डोक्यात एकच विचार येतो: सांडलं नाही, कारण साखर थोडी होती. विरघळली म्हणून नव्हे.

साखर विरघळली तरी जागा घेते. थोडीथोडकी नाही, जवळजवळ सगळी घेते. विरघळण्याआधी साखरेच्या दाण्यांनी जेवढी जागा व्यापलेली असते (मधली पोकळी सोडून, नुसत्या दाण्यांची), तेवढीच, फार तर केसभर कमी, ती विरघळल्यावरही व्यापते. मग पेला का ओसंडला नाही? काठोकाठ भरलेल्या दुधाचा पृष्ठभाग काठाच्या वर थोडा फुगू शकतो. पृष्ठताण त्याला धरून ठेवतो. रुंद तोंडाच्या पेल्यात त्या फुगवट्यात चमचाभर साखरेची सोय सहज होते. दस्तुर हुशार होता, किंवा गोष्ट सांगणारा हुशार होता. वाटीभर साखर घातली असती तर राण्याचा गालिचा चिकट झाला असता.

हे नुसतं सांगून कुणाला पटत नाही. आमच्या शेजारच्या बेनचा नातू सुट्टीत दुपारभर माझ्याकडे असतो; त्यालाही पटलं नाही. तेव्हा माळ्यावरच्या खोक्यातून काचेची मोजनळी काढली, २५० मिलिलिटरची, बूड जरा टवका उडालेलं. तीत २०० मिलिलिटर पाणी घेतलं आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ४० ग्रॅम साखर तोलून ओतली. पातळी २२५ च्या आसपास चढली. दाण्यांना बिलगलेले हवेचे बुडबुडे टिचकी मारून सोडवले. मग आम्ही लांब दांडीच्या चमच्याने ढवळत बसलो. आधी पाण्यात तेलकट दिसणाऱ्या रेघा वर-खाली फिरतात, म्हणजे दाट पाक पातळ पाण्यातून वाट काढत असतो. मग त्या रेघा विरळ होतात आणि पाणी निवळतं. डोळ्यांना साखर दिसेना, पण पातळी २२५ च्या रेषेला चिकटूनच. पोरगं खाली वाकून, एक डोळा मिटून, पुन्हा पुन्हा बघत होतं.

मग मीठ. पण मिठाचे दाणे मुळात किती जागा घेतात ते आधी कळायला हवं, आणि पाण्यात टाकलं की ते लगेच विरघळू लागतं. यावर तोडगा म्हणजे सिंगतेल. (महाराष्ट्रातले नातेवाईक आम्हाला या शब्दावरून हसतात, त्यांचं शेंगदाणा तेल आमच्या पिशवीत असतं तेव्हा सिंगतेलच असतं.) तेलात मीठ विरघळत नाही. २०० मिलिलिटर तेलात ४० ग्रॅम मीठ घातलं, बुडबुडे गेल्यावर पातळी साधारण साडेअठरा मिलिलिटरने चढली. तेवढंच मीठ २०० मिलिलिटर पाण्यात घातलं, पूर्ण विरघळू दिलं, तर पातळी २१४ च्याही किंचित खाली थांबली. जवळजवळ पाच मिलिलिटर जागा गेली कुठे? "आजी, आ तो ओछुं थई गयुं!" (हे तर कमी झालं!) पोरगं ओरडलं. ते तेल नंतर दोन दिवस गाळत बसले, तो भाग वेगळा.

तेव्हा जागा न मागता मिसळण्याची गोष्ट सांगायचीच असेल तर ती मिठाची सांगायला हवी. पण खारट दूध राण्याला आवडलं नसतं, आणि मीठ पडून दूध नासलं तर, ही धास्ती आपल्या बायकांच्या मनात आधीच असते.

मिठाचं हे असं का होतं, ते मला अजूनही मौजेचं वाटतं. मिठाच्या खड्यात धन भाराचे सोडियमचे आणि ऋण भाराचे क्लोरीनचे आयन एकमेकांना असे घट्ट धरून बसलेले असतात की नुसत्या आचेने ते सुटायचे तर ८०१ अंश सेल्सिअस लागतात. आपल्या चुलीवर मीठ कधी वितळत नाही ते म्हणूनच. आणि हेच मीठ माठातल्या गार पाण्यात मिनिटभरात सुटं होतं. पाण्याचा रेणू तिरपा: एका बाजूला ऑक्सिजन, तिथे थोडा ऋण भार, दुसऱ्या बाजूला दोन हायड्रोजन, तिथे थोडा धन. भारांमधली ओढ पाण्यात साधारण ऐंशीव्या हिश्श्याएवढीच उरते. सोडियमभोवती पाण्याचे रेणू ऑक्सिजन आत करून जमतात, क्लोराइडभोवती हायड्रोजन आत करून, आणि दोघांना लांब घेऊन जातात. जाताना त्या आयनांना इतके खेटून उभे राहतात की सैलसर बसलेलं पाणी आवळलं जातं. ते हरवलेले पाच मिलिलिटर म्हणजे हे आवळणं. जागा मिठाची गेली असं आपण म्हणतो, खरी आवळली गेली ती पाण्याची.

साखर असं काही करत नाही. तिचे रेणू तुटत नाहीत, भार दाखवत नाहीत. साखरेच्या एका रेणूवर आठ ठिकाणी ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी असते, अगदी पाण्यासारखीच, आणि त्या आठ हातांनी ती पाण्याच्या रेणूंशी हात धरते. रेणू अख्खाच्या अख्खा राहतो, म्हणून तर गोडी टिकते. मोठा, ऐसपैस रेणू, आणि तो आपली जागा सोडत नाही.

आता बडोद्याच्या मराठी लोकांचं बघा. गायकवाडांची सत्ता इथे १७३४ मध्ये पक्की झाली, त्यांच्याबरोबर आणि त्यांच्यामागून कारकून, शिलेदार, भिक्षुक, वैद्य, मास्तर येत राहिले. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागांत वाडे उठले. आम्ही भाजीला शाक म्हणू लागलो, हे खरं. पण बडोद्याचं खाणं म्हणून आज कोणताही गुजराती माणूस पाहुण्याला काय खायला घालतो? सेव-उसळ. नावातली उसळ कुणाची, हे त्या गाडीवर कुणी विचारत नाही. वरून हिरव्या लसणाची चटणी आणि मूठभर शेव पडली की ती बडोद्याची झाली, पण वाटाणा तर्रीत बसलाच आहे. ही साखरेची तऱ्हा म्हणायची. पातळी चढलेली आहे. बघायचं कुणाला नसतं इतकंच.

विरघळण्याला मर्यादा असते आणि ती ज्याची त्याची असते. खोलीच्या तापमानाला, म्हणजे २० अंशांना, १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर मावते. मीठ मात्र ३६ ग्रॅमवर थांबतं. उकळत्या पाण्यात साखर ४८७ ग्रॅमपर्यंत जाते, मीठ ३९ च्या पुढे सरकत नाही. ढवळल्याने, दळून घातल्याने वेग वाढतो, मर्यादा नाही. बर्फ घातलेल्या सरबतात बुडाशी साखर बसते तेव्हा घरोघरी "नीट ढवळ" असं सुनावलं जातं. तिथे दोष बहुधा वेगाचाच असतो, कारण थंड पाण्यातही साखरेला जागा भरपूर असते, फक्त ती सुस्तावते. पाहुणे दारात असताना वेग महत्त्वाचा, एरवी धीर धरावा.

पहिला आकडा पुन्हा वाचा: पाण्याच्या दुप्पट साखर. त्यातून तयार होणारा पाक सव्वादोनशे मिलिलिटरच्या घरात जातो, म्हणजे १०० मिलिलिटर पाण्याचं द्रव दुपटीहून जास्त झालं. श्रीखंड करणाऱ्या बाईला हा हिशोब हाताने माहीत असतो. रात्रभर टांगून, वर पाटा ठेवून, चक्का कसा कोरडा खणखणीत केलेला असतो. त्यात साखर मिसळली की तासाभरात तो सैल पडतो. पाण्याचा थेंब कुणी घातलेला नसतो, तरी. चक्क्यात अडकून राहिलेलं पाणी साखरेला विरघळवतं, आणि विरघळलेली साखर त्या पाण्यातच आपली जागा मांडते, त्यामुळे ओल दुपटीने वाढते. म्हणून आमची आई म्हणायची, चक्का हवा त्यापेक्षा घट्ट बांध, साखर त्याला नरम करणार आहे. आमच्याकडे दसऱ्याला श्रीखंड आणि शेजारी बेनकडे मठो, दोघींचं दुखणं एक. दुकानातली बारीक पिठीसाखर वापरली की काम पटकन होतं, पण पातळ व्हायचं ते तेवढंच होतं. मर्यादेचा आणि वेगाचा फरक पुन्हा इथेच.

पाणी सगळ्यांना घेत नाही. हळद, हिंग, मिरचीचा तिखटपणा हे तेलाचे गडी. फोडणीचं सगळं शास्त्र इतकंच आहे, की पाण्यात न उतरणारं आधी तेलात उतरवून घ्यायचं. सारख्याला सारखं विरघळवतं, असं आम्ही वर्गात सांगायचो. वर्गात ते रटाळ वाटायचं. त्याची खरी गंमत सांगायची तर आमच्या गावच्या एका प्राध्यापकाची हकिगत सांगावी लागेल.

मुंबईत व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा होता. तो देणारे बडोद्याचेच, महाराज खंडेराव गायकवाड. १८९६ साली एका रात्री त्या पुतळ्याला कुणी डांबर फासलं. ते काम आपलं, असं दामोदर चापेकरांनी नंतर लिहून ठेवलं. सरकारची अब्रू गेली, आणि डाग काही जाईना. आता या डागाकडे विरघळण्याच्या बाजूने बघा. डांबर म्हणजे कार्बन-हायड्रोजनची तेलकट संयुगं, त्यांना पाणी शिवतही नाही. तेलासारखी द्रावकं त्याला सैल करतात, पण संगमरवराला बारीक छिद्रं असतात. पातळ झालेलं काळं त्यातून आत उतरतं आणि डाग पसरतो. आम्लाने घासावं तर संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, फसफसून तोच आधी विरघळणार, राणीचं नाक जायचं. म्हणजे डांबराला उचलेल पण दगडाला हात लावणार नाही, असं काही हवं. मुंबईतल्या तज्ज्ञांनी हात टेकले. ते काम फत्ते केलं प्राध्यापक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांनी. हे सुरतेचे, बडोदा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलेले. सयाजीरावांच्या आश्रयाने १८९० मध्ये बडोद्यात कलाभवन उभं राहिलं ते याच गज्जरांच्या पुढाकाराने.

मला यातला विरोधाभास आवडतो. फासणारा मराठी, पुतळा देणारा बडोद्याचा मराठी राजा, डाग काढणारा बडोद्यात नाव काढलेला गुजराती. तिघांपैकी कुणाच्या बाजूने उभं राहावं ते मी अजून ठरवलेलं नाही. रसायनाच्या बाजूने मात्र उभी आहे.

कलाभवनात रंगकाम शिकवलं जायचं, आणि रंगारी म्हणजे विरघळण्याचा सर्वांत पक्का जाणकार. त्याची अडचण दुहेरी: रंग हौदातल्या पाण्यात विरघळला पाहिजे, नाहीतर धाग्यात शिरणार नाही, आणि शिरल्यावर विरघळता कामा नये, नाहीतर पहिल्याच धुण्यात जाईल. निळीने हे कोडं फार सुरेख सोडवलं आहे. नीळ पाण्यात विरघळत नाही. चुन्यासारखी अल्कली घातलेल्या हौदात तिचं क्षपण केलं, म्हणजे तिला जास्तीचे इलेक्ट्रॉन दिले, की ती पिवळट-हिरवी होते आणि विरघळते. कापड बुडवून बाहेर काढलं की हवेतला ऑक्सिजन ते परत काढून घेतो, आणि कापड पिवळ्याचं हिरवं, हिरव्याचं निळं डोळ्यांदेखत होत जातं. नीळ पुन्हा न विरघळणारी झाली, आणि धाग्याच्या आत अडकली. घेताना विरघळणारी, धुताना न विरघळणारी. सासूला हवी तशी सून, असं माझी एक सहकारी म्हणायची; तिच्या सासूबाई हयात होत्या तोवर हळू आवाजात.

१८९० मध्ये कलाभवनात आलेल्यांत दादासाहेब फाळके होते. तिथे ते छायाचित्रणही शिकले. त्या काळच्या फोटोचा सगळा डोलारा एका न विरघळण्यावर उभा होता. चांदीचे क्लोराइड-ब्रोमाइडसारखे क्षार पाण्यात जवळजवळ विरघळतच नाहीत, म्हणून काचेवरचा लेप धुतला तरी टिकतो. उजेड पडला तिथे, रसायनात बुडवल्यावर, चांदी मोकळी होऊन काळी दिसते. उरलेला क्षार तसाच ठेवला तर तोही पुढे उजेडाने काळवंडेल आणि चित्र बुडेल. तो काढून टाकायचा, तर पाण्याने निघत नाही. 'हायपो', म्हणजे सोडियम थायोसल्फेट, हे चांदीचे क्षार विरघळवतं, हे जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्येच नोंदवलं होतं, फोटो निघायला लागण्याच्या वीस वर्षं आधी. फोटोतला माणूस दिसतो तो न विरघळलेल्या चांदीमुळे. त्याच्या पाठीमागचा उजेड दिसतो तो विरघळून निघून गेलेल्या क्षारामुळे.

गणपतीत मात्र हा शब्द आपण फार सैल वापरतो. शाडूची मूर्ती बादलीत "विरघळली" म्हणतो. ती विरघळत नाही, तिचे कण मोकळे होतात, पाणी गढूळ होतं आणि सकाळी बुडाशी मऊसूत गाळ बसलेला असतो. साखर अशी कधीच तळाला बसणार नाही, वर्षभर बादली झाकून ठेवा. प्लास्टर ऑफ पॅरिसचं उलट आहे. पाणी घालून घट्ट झालं की ते जिप्सम होतं, आणि जिप्सम खरंच विरघळतं, पण लिटरमागे दोन ते अडीच ग्रॅम. दहा किलोच्या मूर्तीला किमान ४,००० लिटर पाणी लागेल, तेही पुरेसा वेळ दिला तर. कृत्रिम तलावात शेकडो मूर्ती गेल्या की पाणी तृप्त होऊन बसतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटचा उपाय पुढे आणला: त्याने जिप्समचं एक न विरघळणारं आणि एक सहज विरघळणारं असे दोन वाटे होतात. खाली खडूसारखा कॅल्शियम कार्बोनेट, वर अमोनियम सल्फेट, जे खत म्हणून वापरतात. मूर्तीवरचे रंग हा वेगळा प्रश्न, तो याने सुटत नाही.

वायूही विरघळतात, आणि त्यांचा नियम साखरेच्या उलटा: पाणी तापलं की ते निघून जातात. २० अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच्या जवळ. मे महिन्यात आमच्या विश्वामित्री नदीचं पाणी उथळ, गरम आणि सांडपाण्याने जड होतं, तेव्हा आधीच थोडा असलेला ऑक्सिजन जिवाणू संपवतात आणि मासे वर येऊन तोंड उघडू लागतात. त्याच नदीतल्या मगरींचं काही अडत नाही. त्या हवेत श्वास घेतात. बडोद्याची मगर भर गावात टिकून राहिली त्यात फुफ्फुसांचाही वाटा धरावा लागेल.

प्रयोगाचं पाणी फेकवेना, म्हणून ते पसरट बशांत ओतून आम्ही गच्चीवर ठेवलं होतं. एकीत साखरेचं, एकीत मिठाचं, आणि तिसरीत नुसतं घरच्या बोअरचं पाणी, कारण पोराचं म्हणणं, काहीच न घातलेलं पण पाहिजे. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. याला आम्ही मोठ्या शब्दांत तुलनेचा प्रयोग म्हणतो. उन्हाने काम लवकर उरकलं. मिठाच्या बशीत काठाला बारीक चौकोनी खडे, भिंगातून पाहिले तर छपराविना खोल्या. साखर परत आली नाही, निदान दाणे होऊन आली नाही. तिचे मोठे रेणू दाट पाकात हलेनासे होतात, रांगेत बसायला त्यांना वेळ लागतो. पिवळसर चिकट थर आणि त्यावर मुंग्या. दोऱ्याला एखादा खडा बांधून सोडला असता तर खडीसाखर धरली असती.

तिसऱ्या बशीत पांढरं वर्तुळ होतं. "यात तर काही टाकलंच नव्हतं!" टाकलं होतं, पण आपण नाही. पाऊस हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन जमिनीत उतरतो, किंचित आम्लधर्मी होतो आणि वाटेतल्या चुनखडीला विरघळवून बायकार्बोनेट करून आणतो. शुद्ध पाण्यात चुनखडी लिटरमागे जेमतेम १४ मिलिग्रॅम विरघळते. या वाटेने तिच्या अनेक पटींनी येते. पाणी तापलं, आटलं की वायू उडून जातो आणि चुनखडी पुन्हा घट्ट होते. म्हणजे बोअरचं स्वच्छ दिसणारं पाणी आधीच भरलेलं होतं. मी वर्तुळावर लिंबू पिळलं. बारीक फसफस झाली आणि बशी साफ. मग बाथरूममधल्या गीझरच्या कॉइलवर हेच पांढरं असतं, एवढं मी बोलून बसले. संध्याकाळी बेनने फोन करून विचारलं, याने फ्रिजमधली सगळी लिंबं कशाला काढली आहेत, आणि गीझर उघडायला पाना मागतोय तो द्यायचा की नाही.